सँडी कोफॅक्स: ऐन भरात थांबलेला पिचर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सँडी कोफॅक्स कोण?

बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. जन्म ३० डिसेंबर १९३५, न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. १९५५ ते १९६६ अशी १२ वर्षं तो एकाच संघाकडून खेळला: आधी ब्रुकलिन डॉजर्स आणि १९५८ मध्ये संघानं गाव बदलल्यावर लॉस एंजेलिस डॉजर्स. १६५ विजय, ८७ पराभव, २,३९६ स्ट्राइकआउट ही त्याची एकूण कमाई. आकड्यांच्या यादीत त्याच्या वर बरेच पिचर आहेत. तरीही 'एकच सामना जिंकायचाय, चेंडू कोणाच्या हातात द्याल?' असं विचारलं की जुनीजाणती मंडळी आजही त्याचं नाव घेतात. कारण १९६२ ते १९६६ ही पाच वर्षं. त्या काळात त्यानं १११ सामने जिंकले आणि फक्त ३४ हरले. वयाच्या ३०व्या वर्षी, कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम संपवून, त्यानं खेळ सोडला.

मी फक्त क्रिकेट पाहतो. हे आकडे वाचायचे कसे?

बेसबॉलचा सामना ९ इनिंगचा असतो आणि दर इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे ३ गडी बाद व्हावे लागतात. म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाचे २७ बाद. पिचरला षटकांची मर्यादा नाही. त्या काळी चांगला पिचर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटाच टाकायचा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा उभा राहायचा. वसईहून सकाळी निघालेल्या मुंबईच्या एखाद्या जुन्या क्लब बोलरनं दिवसभर एका टोकानं टाकत राहावं, तसंच काहीसं.

धाव काढायला बॅटरला तीन बेस ओलांडून पुन्हा घरी, म्हणजे होम प्लेटला, यावं लागतं. स्ट्राइक म्हणजे योग्य जागी पडलेला किंवा बॅटरनं हुकवलेला चेंडू. तीन स्ट्राइक पडून, क्षेत्ररक्षकांच्या मदतीशिवाय बॅटर बाद झाला की तो स्ट्राइकआउट. वॉक म्हणजे चार चेंडू स्वैर टाकून बॅटरला फुकटात पहिल्या बेसवर पाठवणं. ईआरए हा पिचरचा खरा तराजू: क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून, दर ९ इनिंगमागे त्यानं किती धावा दिल्या ते हा आकडा सांगतो. ३च्या खाली असला की पिचर उत्तम. कोफॅक्सचा त्या पाच वर्षांचा ईआरए १.९५ होता आणि पाचही वर्षं तो नॅशनल लीगमध्ये (दोन मुख्य लीगपैकी एकीत) पहिला होता.

आणखी एक शब्द पुढे वारंवार येईल: नो-हिटर. पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, न देणं. बहुतेक पिचरना आयुष्यात एकदाही ते जमत नाही. कोफॅक्सनं सलग चार वर्षं, १९६२ ते १९६५, दर वर्षी एक नो-हिटर टाकला.

तो सुरुवातीपासूनच असा होता का?

अजिबात नाही, आणि त्याच्या गोष्टीतला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग हाच आहे.

शाळेत त्याचा खरा खेळ बास्केटबॉल. सिनसिनाटी विद्यापीठात तो बास्केटबॉल खेळला, वास्तुशास्त्र शिकू लागला. वेगवान डाव्या हाताची बातमी पसरली आणि डिसेंबर १९५४ मध्ये डॉजर्सनं त्याला करारबद्ध केलं: ६,००० डॉलर पगार आणि १४,००० डॉलर बोनस. त्या बोनसनंच घोटाळा केला. तेव्हाच्या नियमानुसार ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस घेणाऱ्या नवख्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवावं लागे. त्याला खालच्या लीगमध्ये पाठवून घडवणं शक्यच नव्हतं. १९ वर्षांचा हा मुलगा थेट जॅकी रॉबिन्सन आणि रॉय कॅम्पानेला या संघातल्या बड्या खेळाडूंच्या शेजारी येऊन बसला आणि बहुतेक वेळ बसूनच राहिला. त्याला जागा करून देण्यासाठी ज्या पिचरला संघातून खाली पाठवलं, तो टॉमी लासोर्डा. पुढे तोच डॉजर्सचा गाजलेला मॅनेजर झाला.

१९५५ मध्ये डॉजर्सनं पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली सात सामन्यांची अंतिम मालिका, जिंकली. कोफॅक्सला त्या मालिकेत एकही चेंडू टाकायला मिळाला नाही. शेवटचा सामना संपल्यावर तो कोलंबिया विद्यापीठातल्या वास्तुशास्त्राच्या वर्गाला गेला.

पहिल्या सहा वर्षांचा हिशेब ३६ विजय, ४० पराभव. वेग अफाट होता, पण चेंडू कुठे जाईल याचा नेम नव्हता. १९५८ मध्ये १५९ पेक्षाही कमी इनिंगमध्ये त्यानं १०५ वॉक दिले. मधेच एखादा दिवस असा उजाडायचा की सगळे थक्क व्हायचे. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी त्यानं जायंट्स संघाचे १८ गडी स्ट्राइकआउट करून तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली. मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. १९६०चा हंगाम ८ विजय आणि १३ पराभवांवर संपला, तेव्हा वैतागून त्यानं आपलं सामान कचऱ्यात टाकलं. डॉजर्सच्या ड्रेसिंग रूमची देखभाल करणारे नोबे कावानो यांनी ते उचलून जपून ठेवलं आणि पुढच्या वसंतात तो परतला तेव्हा त्याच्या हातात दिलं. बेसबॉलनं कोणाचे आभार मानायचे असतील, तर त्या यादीत कावानो यांचं नाव फार वर असायला हवं.

मग १९६१ मध्ये असं काय घडलं?

हंगामापूर्वीच्या सराव शिबिरात, फ्लोरिडातल्या ओरलँडोत, मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध एक किरकोळ सामना होता. कोफॅक्सनं नेहमीसारखे वॉक देऊन बेस भरून टाकले आणि रागाच्या भरात आणखी जोरात टाकू लागला. राखीव कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) नॉर्म शेरी माउंडवर, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर, आला. त्याचं म्हणणं साधं होतं: एवढा जोर लावू नकोस, थोडा सैल सोड, मारू दे त्यांना. कोफॅक्सनं ऐकलं. गंमत अशी की जोर कमी केल्यावर चेंडू हळू झाला नाही. खांदे आणि पकड मोकळी झाली आणि चेंडू तितक्याच वेगानं, पण हव्या त्या जागी जाऊ लागला.

एका वाक्यानं कोणाचं नशीब पालटत नाही, हेही खरं. पिचिंग कोच जो बेकर त्याच्याबरोबर राबत होते. संघाचे आकडेतज्ज्ञ ॲलन रॉथ त्याला पहिला चेंडू स्ट्राइक पडला तर काय होतं आणि नाही पडला तर काय होतं, ते कागदावर मांडून दाखवत होते. पण तालमीतल्या पहिलवानाला वस्ताद ‘अंग सैल सोड’ म्हणतो किंवा गवयाला गुरू ‘गळा दाबू नकोस’ म्हणतो, त्याच जातीचा हा सल्ला होता आणि तो योग्य क्षणी मिळाला. त्या वर्षी १८ विजय आणि २६९ स्ट्राइकआउट. ख्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा २६७ चा लीग विक्रम मोडला.

१९६३ मध्ये ३११ इनिंगमध्ये त्यानं फक्त ५८ वॉक दिले. आधीच्या १०५ शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

तो टाकायचा काय?

मुख्यतः दोनच चेंडू: फास्टबॉल आणि कर्व्हबॉल. हात डोक्यावरून सरळ खाली येई. बोटं विलक्षण लांब असल्यामुळे चेंडूला फिरकी जबरदस्त मिळे. फास्टबॉल बॅटरपाशी येताना वर उसळल्यासारखा वाटे, तर कर्व्हबॉल टेबलाच्या कडेवरून घरंगळल्यासारखा झपकन खाली जाई. क्रिकेटच्या खेळपट्टीवर दोन स्टंपांमधलं अंतर ६६ फूट. इथे माउंड ते होम प्लेट ६० फूट ६ इंच, आणि चेंडू टप्पा घेत नाही. जे काही वळायचं ते हवेतच.

बेसवर धावपटू असला की त्याच्या कोपरांच्या ठेवणीवरून पुढचा चेंडू कोणता, हे बऱ्याच संघांना आधीच कळायचं. कळूनही मारता यायचं नाही. याहून मोठी दाद कोणती?

१९६३च्या वर्ल्ड सिरीजबद्दल एवढं का बोललं जातं?

समोर न्यू यॉर्क यँकीज होते. २ ऑक्टोबर १९६३, यँकी स्टेडियम, पहिला सामना. कोफॅक्सनं पहिले पाचही बॅटर स्ट्राइकआउट केले: कुबेक, रिचर्डसन, ट्रेश, मिकी मँटल, रॉजर मॅरिस. दिवसअखेर १५ स्ट्राइकआउट, तेव्हाचा मालिकेचा विक्रम. चौथा सामनाही त्यानंच २-१ असा जिंकून दिला आणि यँकीज ४-० असे गारद झाले. त्या हंगामात तो २५ सामने जिंकला होता आणि ५ हरला होता. यँकीजच्या योगी बेरा यांच्या तोंडी असलेलं बोलणं तेव्हापासून सांगितलं जातं: हा २५ जिंकला ते कळलं, ५ हरला कसा ते कळत नाही.

परफेक्ट गेम म्हणजे काय, आणि त्याचा कसा झाला?

नो-हिटरच्याही पुढची पायरी. २७ बॅटर आले आणि २७ गेले. हिट नाही, वॉक नाही, चूक नाही, पहिल्या बेसला कोणाचा पायसुद्धा लागला नाही.

९ सप्टेंबर १९६५, डॉजर स्टेडियम, समोर शिकागो कब्ज. त्या रात्रीचं खरं नाट्य असं की कब्जचा पिचर बॉब हेंडलीनंही अप्रतिम टाकलं. अख्ख्या सामन्यात दोन्ही संघ मिळून एकच हिट झाली, डॉजर्सच्या लू जॉन्सनची, आणि त्या हिटवर धाव आली नाही! सामन्यातली एकुलती एक धावही जॉन्सनचीच, पण पाचव्या इनिंगमधली: वॉक मिळाला, सहकाऱ्यानं बंट करून (चेंडूला नुसती बॅट टेकवून) त्याला पुढे सरकवलं, त्यानं तिसरा बेस चोरला (चेंडू टाकला जात असतानाच धावून गाठला), कॅचरचा फेकलेला चेंडू मैदानात लांब गेला आणि जॉन्सन घरी पोचला. १-० अशा निसटत्या आघाडीवर कोफॅक्सनं शेवटचे सहा बॅटर ओळीनं स्ट्राइकआउट केले. एकूण १४. शेवटचा हार्वी कीन.

त्या नवव्या इनिंगचं विन स्कली यांनी केलेलं रेडिओ धावतं वर्णन जतन झालेलं आहे. पुढे ही ध्वनिफीत कोफॅक्सला आठवण म्हणून देता येईल, हे ओळखून स्कली मधूनमधून घड्याळातली वेळ सांगत जातात. सामना संपतो रात्री ९ वाजून ४६ मिनिटांनी. आमच्या पिढीचं क्रिकेट ट्रान्झिस्टरला कान लावून मोठं झालं, म्हणून असेल, पण मी ते ऐकतो तेव्हा मला चित्राची उणीव अजिबात भासत नाही.

योम किप्पूरला तो खेळला नाही, ते प्रकरण काय?

१९६५च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना ६ ऑक्टोबरला आला. तो दिवस योम किप्पूरचा, ज्यूंच्या उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा. कोफॅक्स ज्यू होता, फार कर्मठ नव्हता, पण त्या दिवशी खेळायचं नाही हे त्याचं ठरलेलं होतं. त्यानं गाजावाजा केला नाही. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेल उतरला आणि डॉजर्स ८-२ असे हरले. दुसऱ्या दिवशी कोफॅक्स उतरला आणि तोही हरला. त्याआधी १९३४ मध्ये हँक ग्रीनबर्ग ऐन चुरशीच्या हंगामात योम किप्पूरला बसला होता. पण वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना म्हणजे अख्खा देश पाहतो. अमेरिकेतल्या ज्यू कुटुंबांमध्ये ही गोष्ट आज साठ वर्षांनंतरही मुलांना सांगितली जाते.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. जुन्या पिढ्या योम किप्पूर घराची दारं लावून, उपास करून पाळत. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंनी शतकानुशतकं धंद्याचा दिवस बुडवून जे जपलं, तेच कोफॅक्सनं त्या बुधवारी केलं.

ती मालिका शेवटी कोणी जिंकली?

डॉजर्सनं. पाचव्या सामन्यात कोफॅक्सनं मिनेसोटा ट्विन्सला एकही धाव दिली नाही. सातवा सामना १४ ऑक्टोबरला, म्हणजे मधे जेमतेम दोन दिवसांची विश्रांती. मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन यांच्यापुढे ताजातवाना ड्रायस्डेल होता, तरी त्यांनी कोफॅक्सला निवडलं. त्या दिवशी त्याचा कर्व्हबॉल पडतच नव्हता. मग त्यानं आणि कॅचर जॉनी रोझबोरोनं जवळजवळ सगळा सामना एकट्या फास्टबॉलवर काढला. सूज आलेल्या कोपरानं. २-०, तीन हिट, १० स्ट्राइकआउट. परफेक्ट गेम सुंदर होता, पण मला विचाराल तर कोफॅक्सचा सर्वांत मोठा दिवस हा.

त्याच्या हाताला झालं होतं काय?

ऑगस्ट १९६४ मध्ये बेसवर परतताना त्यानं सूर मारला आणि डावा हात जमिनीवर आपटला. तो पुढचे दोन सामने खेळला, जिंकलाही. मग एका सकाळी उठला तर हात सरळ होईना. डॉ. रॉबर्ट केर्लन यांचं निदान: कोपराचा, इजेतून आलेला संधिवात. हंगाम तिथेच संपला. पुढच्या वसंतात एका सामन्यानंतर हात रक्त साकळून काळानिळा पडला.

उपाय म्हणजे त्या काळचे उपाय. कोपरात कॉर्टिझोनची इंजेक्शनं. ब्युटाझोलिडिन, जे घोड्यांनाही देत. वेदनेसाठी कोडीनच्या गोळ्या. सामन्याआधी मिरचीच्या अर्काचं जहाल मलम चोळायचं, इतकं की शेजारी बसणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. सामन्यानंतर रबरी नळीत हात घालून अर्धा तास बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. दोन सामन्यांच्या मधला सराव त्यानं बंद केला. आणि अशा हातानं १९६५ मध्ये ३३५ हून अधिक इनिंग, २६ विजय, ३८२ स्ट्राइकआउट. हा विक्रम १९७३ मध्ये नोलन रायननं बरोबर एकानं मोडला. १९६६ मध्ये ३२३ इनिंग, २७ विजय, १.७३ ईआरए.

संघानं त्याला थांबवलं नाही?

नाही. आजचा कोणताही संघ त्याला इतकं टाकू देणार नाही. तेव्हा पिचर टाकत राही आणि संपला की दुसरा येई. खेळाडूच्या हातात सत्ता नव्हती. करारातल्या अटीमुळे तो एकाच संघाला जन्मभर बांधलेला असे. दुसरीकडे जाता येत नसे.

१९६६च्या हंगामाआधी कोफॅक्स आणि ड्रायस्डेल या दोघांनी मिळून एक धाडस केलं. व्यवस्थापन एकाला दुसऱ्याचं नाव सांगून पगार दाबतंय, असं लक्षात आल्यावर दोघांनी ठरवलं की बोलणी एकत्र करायची, सही केली तर दोघांनी. मागणी तीन वर्षांसाठी मिळून १० लाख डॉलरची. दोघंही सराव शिबिराला गेले नाहीत. महिनाभराच्या ताणानंतर कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० डॉलर मिळाले. मागणीपेक्षा कमी, पण आधीपेक्षा बरेच जास्त. नऊ वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, ती जन्मबांधणीची अट ज्या निवाड्यानं मोडली, त्यातला एक खेळाडू डॉजर्सचाच पिचर अँडी मेसरस्मिथ होता. एकजुटीनं मागता येतं, हे त्याआधी या दोघांनी दाखवलं होतं.

त्यानं खेळ सोडला कसा?

१८ नोव्हेंबर १९६६ रोजी बेव्हर्ली हिल्समधल्या हॉटेलात पत्रकार परिषद घेऊन. दीड महिन्यापूर्वीच त्यानं संघाला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. जग चकित झालं, एक माणूस सोडून: सॅन डिएगोचे पत्रकार फिल कॉलियर. त्यांना कोफॅक्सनं वर्षभर आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी ही बातमी वर्षभर पोटात ठेवली. हे मला जवळजवळ नो-हिटरइतकंच अवघड वाटतं.

कारण विचारल्यावर त्यानं सांगितलं त्याचा आशय असा: बेसबॉलनंतरही मला पुष्कळ वर्षं जगायचं आहे आणि ती सगळं शरीर शाबूत ठेवून जगायची आहेत. काही जणांनी तेव्हा याला माघार म्हटलं. मला तो त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. जोर कुठे सैल सोडायचा हे त्याला १९६१ मध्ये कळलं होतं. १९६६ मध्ये ते त्यानं पुन्हा एकदा ओळखलं.

आजची शस्त्रक्रिया तेव्हा असती तर?

१९७४ मध्ये डॉ. केर्लन यांचे सहकारी डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्याच टॉमी जॉनच्या कोपरात शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुबंध बसवला. जॉन परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. म्हणून लोक हळहळतात. पण जॉनच्या कोपरातला अस्थिबंध तुटला होता आणि कोफॅक्सचं निदान संधिवाताचं होतं. एकाचं औषध दुसऱ्याला लावून ‘आणखी दहा वर्षं खेळला असता’ म्हणणं घाईचं ठरेल.

डॉजर स्टेडियममुळे तो मोठा वाटतो, हे खरं का?

थोडं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. १९६२ मध्ये उघडलेलं हे मैदान पिचरांना धार्जिणं होतं. १९६३ मध्ये स्ट्राइक झोनही, म्हणजे चेंडू स्ट्राइक धरला जातो ती जागा, वाढवला गेला. माउंड तेव्हा १५ इंच उंच असे; १९६९ मध्ये तो १० इंचांवर आणला. डॉजर स्टेडियमवर त्या पाच वर्षांत त्याचा ईआरए १.३७ होता, बाहेर अडीचच्या आसपास. पण हे मैदान, हा झोन, हा माउंड इतर सगळ्यांनाही मिळालाच होता. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तेव्हा दोन्ही लीग मिळून एकालाच देत, आणि कोफॅक्सला तो १९६३, १९६५ आणि १९६६ मध्ये एकमतानं मिळाला. शिवाय वर्ल्ड सिरीजमध्ये, घरी-दारी मिळून, ५७ इनिंगमध्ये ०.९५.

नंतर त्यानं काय केलं?

काही वर्षं टीव्हीवर समालोचन. ते त्याच्या स्वभावाला मानवलं नाही; दहा वर्षांचा करार त्यानं अर्ध्यावर सोडला. १९७२ मध्ये ३६व्या वर्षी तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला, तिथे निवडला गेलेला सर्वांत तरुण खेळाडू. १९७९ पासून दशकभर डॉजर्सच्या खालच्या संघांतल्या मुलांना शिकवलं, तेही शक्य तितकं नजरेआड राहून.

त्याची आठवण कुठे पाहायला मिळेल?

डॉजर स्टेडियममध्ये. जून २०२२ मध्ये तिथे त्याचा पुतळा उभारला, पाय उंच उचलून टाकण्याच्या तयारीत असलेला. शेजारी जॅकी रॉबिन्सनचा पुतळा आहे, ज्याच्या संघात १९ वर्षांचा सँडी बाकावर बसून होता. त्याचा ३२ क्रमांक, रॉबिन्सनचा ४२ आणि कॅम्पानेलाचा ३९ हे तिन्ही ४ जून १९७२ रोजी एकाच दिवशी निवृत्त केले गेले, म्हणजे ते पुन्हा कोणाला द्यायचे नाहीत असं ठरलं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट पोमोनाला आहे आणि बेसबॉल याच डॉजर स्टेडियमवर. क्रिकेटसाठी जाणाऱ्यांनी एक दिवस इकडेही काढावा.